एकदा रांधलेलं, दोनदा रांधलेलं

सिस्टर, काल दुपारी माझ्या मुलीनं इंग्रजीच्या पुस्तकातून मान वर केली आणि विचारलं, "माय, हे 'पे थ्रू द नोज' काय असते? नाकातून पैसे कसे देतात?" मी डाळ निवडत होते. हात थांबला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा तो पांढरा झगा माझ्या अकोल्याच्या माजघरातून सळसळत गेल्यासारखं वाटलं. मी तिला म्हटलं, इंग्रज नाकातून देतो, आणि एक मुलूख असा आहे की तिथली माणसं महाग वस्तूला चेहऱ्यावरचा एक डोळा काढून देतात. ती हसायला लागली. "कोनं सांगितलं तुले?" मी सांगितलं नाही. आज ती शाळेत गेली आहे, मोर्णा नदीकडून ओलसर वारा येतो आहे, आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे.

अमरावतीच्या त्या मिशनच्या शाळेचा मागचा व्हरांडा मला अजून दिसतो. शाळा सुटलेली असते. सरकी काढायच्या जिनातून उडालेला कापूस हवेत तरंगत असतो आणि तुमच्या डोक्यावरच्या काळ्या वस्त्रावर येऊन बसतो. तुम्हाला मराठी शिकायचं असतं, मला मॅट्रिकपुरतं इंग्रजी हवं असतं, आणि इंग्रजी दोघींनाही परकंच. तुम्ही आधी तुमच्या स्पेनचं बोलायचात, मग त्याला जोडीचं इंग्रजी शोधायचात, मग माझ्याकडे बघायचात: आता तुझं. "ऊन ओहो दे ला कारा," तुम्ही आपल्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणायचात. चेहऱ्यावरचा डोळा. त्याला इंग्रजाचं नाक. आणि आमचं? आमच्याकडे नाकी नऊ येतात, मी म्हटलं. "नऊ काय?" तुम्ही विचारलंत. ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. तुम्ही एवढ्या हसलात की आतून मोठ्या सिस्टरनं खिडकी लावून घेतली.

तुम्ही रागावलात तो दिवसही आठवतो. मी निबंधात सगळीकडे एकच लिहिलं होतं, फार कष्ट पडले, फार कष्ट पडले. वही माझ्यापुढे सरकवून तुम्ही म्हणालात, "तुझ्या वाक्यांना घाम येत नाही. माझ्या गावात शेतकरी जाड थेंबाचा घाम गाळतो. तू थेंब दाखव." मी रडले. मग घरी जाऊन आईकडे नीट पाहिलं. ती चुलीपुढे पाट्या-वरवंट्यावर वाटत होती, आणि तिच्या हनुवटीवर खरोखर एक जाड थेंब लटकलेला होता, पडू की नको करत. तोवर मी तो कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी मी तिला इंग्रजांच्या कोपराच्या तुपाचं सांगितलं, की घासायला, पुसायला ते लोक कोपराचं तूप लावतात, म्हणजे अंगमेहनत करतात. आई म्हणाली, "कोपराले तूप राह्यलं असतं तं मी गाय काहून ठेवली असती?" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ते लिहून घेतलंत. आईला न पाहताच ती तुम्हाला आवडायला लागली होती.

एक मात्र जुळेना. तुमच्याकडे एखादं काम फारच अवघड गेलं तर त्याला देव लागला आणि वर मदतही लागली, असं म्हणतात. दिओस इ आयुदा. इंग्रजीत तुम्हाला त्याला जोड सापडली नाही. पुष्कळ त्रास झाला, एवढंच ते म्हणतात, त्यात देव नाही, तुम्ही म्हणालात, आणि इंग्रजांची कीव केल्यासारखी मान हलवलीत.

त्याच पावसाळ्यात धामणगावहून स्थळ आलं. कापसाच्या अडतीचं घर, माणसं चांगली, पण लग्न मार्गशीर्षातच हवं. परीक्षा त्यानंतर तीन महिन्यांनी. वडील संत्र्याच्या बगीच्यांसाठी आठवडाभर शेंदूरजनाघाटकडे असायचे, घरी फक्त रविवारी. त्या रविवारी ते असणार होते आणि सोमवारी सुपारी फोडायला धामणगावला निघणार होते. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही लगेच म्हणालात, "मी येते. वडिलांशी बोलते. रविवार चालेल?" मी म्हटलं, चालेल. त्या रविवारी आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता, हे मी बोलले नाही.

तुम्ही आलात तेव्हा दुपार चढत होती. वडिलांनी तुम्हाला खुर्ची दिली, स्वतः सतरंजीवर बसले. तुम्ही पुस्तकातल्या मराठीत बोलत होतात, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा, आणि वडील मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पाहू, बाई. तुमी इतल्या दुरून आल्या." तुम्हाला वाटलं, झालं. त्यांच्या 'पाहू'चा अर्थ 'नाही' असा होता, हे आम्हा घरच्यांना माहीत. तुम्ही आनंदानं उठलात, पायरीशी बूट काढलेत आणि आईला भेटायला सरळ आत गेलात.

आई ओल्या लुगड्यानं चुलीपुढे होती. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचे दिवे, सगळं देवीचं, पहाटेपासून एकटीनं रांधलेलं. तिला तेव्हा आम्हीसुद्धा शिवत नव्हतो. तुम्ही वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तुमची मुलगी माझीही मुलगी आहे." कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आत्याबाईंच्या तोंडून "अगं बाई!" असं निघालं आणि वात हातातच राहिली. आईनं तुमच्या हाताकडे पाहिलं. मग चुलीवरच्या सगळ्या भांड्यांकडे एकदा नजर फिरवली. म्हणाली, "बसा, बाई. जेवा."

तुम्ही जेवलात, सिस्टर. देवीच्याही आधी. पोळीवर तूप घेऊन, बोटं चाटत. हा केवढा मान, असं तुम्ही मला इंग्रजीत म्हणालात, आणि मी हो म्हटलं. आई समोर बसून वाढत होती. देवीला आता ते चालणार नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

तुम्ही गेल्यावर आईनं विहिरीवर पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. चूल विझवली, सारवली, नवी लाकडं लावली. डाळ पुन्हा शिजत घातली, सोळाच्या सोळा भाज्या पुन्हा चिरल्या. आत्याबाई बोलत होत्या, "शिकवा, अजून शिकवा पोट्टीले! आज चुलीजवळ आली, उद्या देवघरात येईन." आई पुरण वाटत होती. नैवेद्य दिवेलागणीला झाला. आरती झाली आणि वडील म्हणाले, "सकाळच्या गाडीनं धामणगावले जातो."

"काहून?" आई म्हणाली.

वडिलांनी वर पाहिलं. तिनं त्यांना काहून असं कधी विचारलं नव्हतं.

"आज मी दोनदा रांधलं," ती म्हणाली. "पोरगी एकदा परीक्षेले बसन तं काय बिघडते तुमचं? त्या बाईनं माह्या खांद्यावर हात ठेवला. ह्या घरात येऊन मले इतले वर्सं झाले, कोनं ठेवला होता सांगा?"

वडील बाहेर ओसरीवर जाऊन बसले. सकाळी गाडी गेली, ते गेले नाहीत. धामणगावच्यांनी दुसरी मुलगी पाहिली.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही माझी वाटच पाहत होतात. मी सांगितलं, बसू देणार आहेत. तुम्ही हात जोडलेत, डोळे पुसलेत आणि म्हणालात, "बघ, देव होता, आणि मदत म्हणून त्यानं मला पाठवलं." तुमचा चेहरा इतका उजळला होता. मी म्हटलं, हो सिस्टर, तुमच्या बोलण्यानंच झालं. मी मॅट्रिक झाले, लग्न होऊन अकोल्यात आले, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत खरं मानलंत. आईचं तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. तुम्ही गेल्याचं वर्गातल्या मैत्रिणीचं कार्ड आलं तेव्हा मी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सासूबाईंनी विचारलं, "कोन गेलं वं?" मी म्हटलं, माहेरचं. नातं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.

आईही गेली आता. मी आजही महालक्ष्म्यांचं सगळं तसंच करते, कोणी शिवू नये म्हणून दाराला आडणा लावते. श्रद्धा आहे, ती मी सोडणार नाही. पण डाळ शिजताना दरवर्षी तुमची पावलं ऐकू येतात. हे पत्र टाकायला पेटी नाही. पोथीच्या खालच्या फडक्यात ठेवीन, मुलगी तिथं हात लावत नाही.

तुम्हा दोघींनाही न सांगितलेलं एक सांगते. तुम्ही पायरीशी बूट काढत होतात तेव्हा मी दारातच उभी होते. बंद सोडवायला तुम्हाला वेळ लागत होता. आत सोवळं आहे, अशी हाक मला मारता आली असती. पण वडिलांचं 'पाहू' मी ऐकलं होतं, आणि त्यांना अडवायला आता आईच उरली होती. म्हणून मी बाजूला झाले, आणि तुम्हाला आत जाऊ दिलं.