ओदीलच्या अर्जावरचा ठिपका

लाडके ओदील,

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आपल्या दोघींचं अक्षर सारखंच वळवलं. कातडी मात्र माझी उजळ निघाली, म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या त्या कचेरीत मी गोरी म्हणून खपले.

काळ्या मुलीच्या नोकरीच्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ठिपका द्यायचा, असा साहेबांचा हुकूम होता. तो अर्ज मग पुढे जातच नसे. तुझ्या अर्जावर ठिपका मीच दिला.

नोकरीत रंगभेदाला बंदी घालणारा नवा कायदा झाला होता. तू तक्रार केलीस आणि चौकशीला सरकारी अधिकारी आले.

"हा ठिपका कशाचा?" त्यांनी मला विचारलं.

"काही कल्पना नाही, साहेब."

खरं बोलले असते तर तुला नोकरी मिळाली असती. माझी गेली असती.

आपल्या दोघींचं अक्षर सारखं पाहून ते तुझ्याकडे वळले. "या बाईंना ओळखता?"

तू हसलीस. "छे हो! असल्या गोऱ्या मडमा आमच्या ओळखीच्या कुठल्या?"

तक्रार बारगळली. तू तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्यास, आणि दर नाताळला मला गम्बो रश्श्याचा डबा पाठवत राहिलीस. तो मागच्या दारानेच यायचा, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. तसं मीच सांगून ठेवलं होतं.

तुझी मामेबहीण,
युलाली