अर्धा कोयता आणि गणिताचा पेपर

१४ जाने.
संक्रांत उसाच्या फडातच. कारखान्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत बांधावर बसून वर्गसमीकरण सोडवलं. सुटलं! सातवीत शाळा सोडली, आता सतरा नंबर फॉर्म भरून थेट दहावी. तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी इथं साखरशाळा, तिथल्या बाई शिकवतात. म्हणाल्या, मार्चमधे बीडला पेपर, गणितात गेलास तर सगळंच गेलं.

१९ जाने.
पुस्तकातलं गणित. टोळीत जेवढे मजूर, त्याहून चार जास्त मोळ्या प्रत्येकानं बांधल्या. एकूण मोळ्या ९६. मजूर किती?
मी x कोयते धरले. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणून मजूर 2x. उत्तर चार. पुस्तकात आठ! मंगलला वाचून दाखवलं.
"चारच की. चार कोयत्यांची टोळी. तुमचं बराबर हाय."
बायको म्हणते म्हणजे पुस्तक चुकलं.

२० जाने.
बाई हसून बेजार. "अरे, पेपर तपासणारा फडात आलेला असतो का? मजूर विचारलेत तर मजूरच लिही."
मंगलला सांगितलं. "मंग पुस्तकात बाईमाणूस येगळं मोजतेत व्हय? लई चांगलं पुस्तक हाय."

२७ जाने.
त्याच गणिताचं दुसरं उत्तर उणे बारा. म्हणे सोडून द्या, मजूर उणे नसतात. का? घालून बघितलं. उणे बारा मजूर, प्रत्येकी उणे आठ मोळ्या, गुणाकार ९६. बरोबर येतंय की! मग फेकायचं कशाला? आलेच नाहीत ते मजूर, बांधल्याच नाहीत त्या मोळ्या... दिवसभर तेच डोक्यात. मोळी सुटली, मंगलनं उसाच्या शेंड्याचं वाढं फेकून मारलं.
बाई म्हणाल्या, "पेपरात 'मजूर ऋण नसतात' एवढंच लिही बाबा." लिहीन. पटलं नाही.

११ फेब्रु.
गावाकडून आईचा फोन. विहीर आटली, टँकर कधी येतो कधी नाही. इथंही ऊस कमी, कारखाना लवकर बंद पडेल म्हणतात. मनात म्हटलं, पडू दे, पेपर तरी देता येईल. मग वाईट वाटलं.

२० फेब्रु.
कारखाना चालूच. मुकादमाला सुट्टी मागितली.
"पेपर दिऊन कलेक्टर हुनार का बे? तू गेला की कोयता मोडला. ती एकटी काय करंल?"
सगळी टोळी हसली. मंगल खाली मान घालून कोयत्याला धार लावत राहिली. ती अशी धार लावत बसली की मला भ्या वाटतं.

२ मार्च
आज मंगलच मुकादमापुढं उभी राहिली. "भाऊ, त्यान्ला जाऊ द्या. मी अर्धा कोयता म्हणून तोडते."
"आन् ट्रॅक्टर कोण भरंल?"
"भरंन की."
"बघ बाई, मंग रडत येऊ नको."
म्हणजे जा. पेपर सोमवारी. सूत्रं पाठ.

शनिवार
एसटी स्टँडवर. बीडची गाडी अजून लागली नाही. मंगल सोडायला आलीय, शेजारी बसलीय. मघाशी म्हणाली, "आवं, पास झालात तर पुढल्या साली मी कुणासंगं यीऊ तोडीला?"
म्हटलं, आधी पेपर तर होऊ दे.
"मी पेपराचं न्हाई इचारलं."
गाडी लागली.