डब्यातले अर्धे अर्ज

अण्णा, तुम्ही गेलात त्याला आता दहा वर्षं होतील. मी पुण्यात नेमकं काय काम करते हे तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. पहिली नोकरी लागली तेव्हा तुम्ही फोनवर विचारलं होतं. मी म्हणाले, मोबाईलवर जे दिसतं ते कसं दिसावं हे मी ठरवते. कोणता प्रश्न आधी यावा, बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं. तुम्ही म्हणालात, ‘म्हंजे फॉर्मच की गं.’ मी घाईने म्हणाले, ‘नाही अण्णा, तसं नसतं ते.’ तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे दिलात. तसंच असतं ते, अण्णा. इतक्या वर्षांत माझं काम याहून सोप्या शब्दांत कुणी सांगितलेलं नाही.

तहसिलीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली तुमचं टेबल असायचं. लोक तुम्हाला अर्जनवीस म्हणायचे. निराधार योजनेचा पगार, रेशनकार्ड, वारसाची नोंद. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येत असूनही सरकारी कागदापुढे पेन उचलवत नाही, त्यांचे अर्ज तुम्ही लिहायचात. टेबलावर कार्बन, शाईचा पॅड, अंगठा पुसायला ओलं फडकं आणि स्टीलची फुटपट्टी. ती फुटपट्टी तुम्ही ओळीखाली ठेवायचात आणि खालचा सगळा कागद हाताने झाकायचात, म्हणजे समोरच्या माणसाला एका वेळी एकच ओळ दिसायची. सही किंवा अंगठा जिथे हवा तिथे आधी पेन्सिलीने बारीक फुली. आज माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगते की एका पडद्यावर एकच प्रश्न ठेवा, आणि त्या वहीत लिहून घेतात.

आणि तो पत्र्याचा बिस्किटांचा डबा. कुणाची झेरॉक्स राहिलेली असे, कुणाला भावाची सही आणायची असे. अशांना तुम्ही तसेच परत पाठवत नव्हता. भरला तेवढा अर्ज डब्यात जायचा, त्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली, काय राहिलं त्याची. महिन्याने माणूस आला तरी तुम्ही डबा उघडून तिथूनच पुढे सुरू करायचात. मी एकदा म्हणाले, एवढे कागद कशाला सांभाळता? तर म्हणालात, ‘त्यानं एकदा सांगितलंय ना समदं. पुन्यांदा कावून सांगायला लावायचं? कशापायी?’

बारावीचा निकाल लागायचा होता, त्या उन्हाळ्यात मी तुमच्या टेबलावर बसत होते. बीडला बारावीचा क्लास केला होता, अक्षर चांगलं होतं, आणि मला वाटत होतं यात काय अवघड आहे. तुम्ही चहा आणायला गेला होता. उमापूरची एक म्हातारी येऊन बसली, निराधारच्या अर्जासाठी. मी फॉर्मच्या क्रमाने विचारत गेले. नाव झालं. जन्मतारीख? ‘ठावं न्हाई बाई.’ मग वय? ‘आसंल की साठ-सत्तर.’ साठ की सत्तर? मी पेन खाली ठेवलं. ‘एवढंपण माहीत नाही? घरी विचारून या मग, आजी.’ तिने पिशवी घेतली आणि उठली. ती फाटकाच्याही पुढे गेली होती, तेव्हा तुम्ही समोरून आलात.

मला अजून दिसतं. एका हातात चहाची किटली, आणि तुम्ही तिच्या मागे चालताय. ‘मावशी, कावून उठलात? चला, बसा. आधी चहा घ्या.’ ती बसते. तुम्ही फॉर्मला हातही लावत नाही. विचारता, ‘बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात खडी फोडायला गेलतात का?’

‘गेलते की. धाकटा झोळीत व्हता. झाडाला बांधायचे झोळी.’

‘त्याच्या वर किती?’

‘तीन.’

‘अन् थोरली झाली तवा तुमी केवढ्या व्हता?’

‘सतरा-अठराची आसंन. लई गुणाची हाय माझी थोरली.’

मग तुम्ही बोटांवर वर्षं मोजता आणि फुटपट्टी ठेवून वय लिहिता. पासष्ट. म्हातारी चहा पीत माझ्याकडे हनुवटी करते. ‘लेक लई शिकलीया जणू तुमची.’

‘बारावी झाली,’ तुम्ही म्हणता. ‘आता इचारायचं कसं ते शिकायलीय.’

ती खळखळून हसली. मी हसले नाही. ती गेल्यावर तुम्ही फडक्याने टेबल पुसत, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणालात, ‘तिला समदं ठावं व्हतं. तुला इचारता आलं न्हाई.’

हे मी विसरले होते असं नाही. पण आठवत असूनही चूक होते.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची जी मुलं गावी मागे राहतात, त्यांच्या वसतिगृहाचा अर्ज मोबाईलवर भरायचा. मोबाईलवरचे पडदे मी आखले. सुंदर झाले होते, सगळ्यांना आवडले. शेवटी पालकांच्या नंबरवर ओटीपी जायचा. दोन मिनिटांत तो भरला नाही तर सगळं पुसून अर्ज पुन्हा पहिल्या पानावर. सुरक्षिततेसाठी असं हवं, असं कुणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. अर्ज सुरू झाल्यावर मी धर्मापुरीकडच्या एका गावात बघायला गेले. शाळेच्या ओट्यावर गुरुजींच्या मोबाईलवर एक आजी नातीचा अर्ज भरत होती. नात चौथीतली, आजीच्या पदराला धरून उभी. आईबाप दसऱ्यानंतर तोडीला गेलेले, आणि घरातला एकुलता फोन त्यांच्याबरोबर. ओटीपी तिकडे गेला. गुरुजींनी फोन लावला, वाजत राहिला. ‘त्यो उसाच्या फडात असंल,’ आजी म्हणाली. ‘फोन ऱ्हातो कोपीवर, झोपडीत.’ दोन मिनिटं झाली आणि सगळं पुसलं गेलं. पुन्हा नाव, पुन्हा गाव. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा नाव विचारलं तेव्हा आजी गुरुजींना म्हणाली, ‘ह्ये कावून सारखं तेच इचारतंय? मगाशी सांगितलं की समदं.’ तिने नातीचा हात धरला आणि उठली.

फोन आईबापांबरोबर तोडीला जातो हे पुण्यातल्या इतरांना नसेल माहीत. मला माहीत होतं. माझ्या वर्गातली निम्मी बाकं दसऱ्यानंतर रिकामी व्हायची. मी त्या आजीच्या मागे गेले, अण्णा. एवढं तुमच्याकडून आलं. तिला म्हणाले, ‘चूक माझी आहे, आजी. चार दिवस द्या.’ ती म्हणाली, ‘तुझी कशी? तू तर आत्ता आलीस.’

परत जाऊन भांडून बदल करून घेतला. आता अर्ज जिथे थांबेल तिथे राहतो. वर एक पट्टी येते, काय राहिलं त्याची. ओटीपी दिवसभर चालतो; बाप संध्याकाळी कोपीवर आला की तो सांगतो, आणि अर्ज तिथूनच पुढे जातो. त्या नातीचा अर्ज मुदतीत गेला, तिला जागा मिळाली. गुरुजींनी फोन करून सांगितलं. पण मी जाऊन बघण्याआधी किती जणी अशा उठून गेल्या, हे कळायला मार्ग नाही. ज्यांचं पुसलं गेलं त्यांची नोंदच आम्ही ठेवली नव्हती.

आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. हे सुचलं कुठून, असं विचारलं. मी म्हणाले, गावात जाऊन पाहिलं ना. जेवताना शेजारच्या मुलीने सहज विचारलं, ‘तुझे वडील काय करायचे गं?’ आणि मी म्हणाले, ‘शेती.’

हे मी दुसऱ्यांदा केलं. पहिल्यांदा तुमच्यासमोर. पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म तुम्हीच भरत होता, त्याच टेबलावर. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी तुमचं पेन थांबलं, आणि मी पटकन म्हणाले, ‘शेती लिहा.’ शेती म्हणजे काकांकडची दोन एकर, तुम्ही कधी तिकडे फिरकलाही नव्हता. तुम्ही विचारलंत, ‘शेती?’ मी म्हणाले, ‘हां.’ तुम्ही फुटपट्टी ठेवलीत आणि तुमच्या चांगल्या अक्षरात लिहिलंत, शेती. जन्मभर तुम्ही दुसऱ्याच्या अर्जात खोटं लिहिलं नाही. तेवढं एक माझ्यासाठी लिहिलंत. मी निघाले तेव्हा फुटपट्टी माझ्या बॅगेत घातलीत.

ती माझ्या टेबलावर आहे. डबाही माझ्याकडेच आहे, आत सात अर्ज आहेत, ज्यांची माणसं परत आली नाहीत. हे पत्रही त्यातच ठेवते आहे. त्याला चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, वडिलांचा व्यवसाय दुरुस्त करायचा राहिला. जेवताना विचारणाऱ्या त्या मुलीला उद्या सांगेन, असं गेला महिनाभर रोज म्हणते आहे. अजून सांगितलेलं नाही.