दोर कुणाच्या हातात

४ मार्च
तालमीत उडताना आज पुन्हा एकदम वीतभर खाली आलो! वीतभरच, पण अधांतरी लटकलेल्या माणसाच्या काळजाचं पाणी होतं. माझा दोर विंगेतून बाबा ओढतात. आणि बाबांचा हात थरथरतो. सकाळी चहा बशीत सांडला, तर म्हणे, "कपच वाकडा आहे."
दिग्दर्शक खालून ओरडला, "तुझा वीर पडत नसतो!" मी वर लटकून हसलो. काय करणार?

६ मार्च
इतकी वर्षं मारुती केला. शेपूट लावून, अंगाला रंग फासून. आता आमच्या नाटक मंडळीला नवा वीर हवाय – मुखवटा, घट्ट पोशाख, पाठीवर फडफडणारं लाल कापड. या पोशाखात धड बसताही येत नाही!
मारुतीला आपली शक्ती आठवत नाही, जांबुवंताला सांगावं लागतं. म्हणून आमच्याकडे रीत – उड्डाणाआधी बाबा माझ्या कानात म्हणणार, "ऊठ. तुला येतं." त्याशिवाय मी पाय उचलला नाही कधी. दिग्दर्शकाने ते बंद केलं. "या वीराला कुणी सांगावं लागत नाही. त्याला सगळं ठाऊक असतं." आता मी थेट मंचावरून उडतो. बाबा काळ्या पडद्यामागे, दिसतसुद्धा नाहीत.
असेल बुवा त्याला ठाऊक! त्याला बापही नसतो. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेलेला. सोपं आहे त्याचं.

८ मार्च
व्यवस्थापकाने विचारलं, "बाबांचे हात चालतात ना अजून?"
"उत्तम!" म्हणालो. जीभ कशी झडली नाही!
दोर काढून घेतला तर बाबांचं उरतं काय? आणि नाही काढला तर माझं?
शक्ती आहे, हे सांगायला मारुतीजवळ जांबुवंत होता. शक्ती संपली, हे सांगायला कुणाला पाठवायचं?

९ मार्च
बायकोच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या. ती मंडळीचे पोशाख सांभाळते. "इस्त्री लागली," म्हणाली. दोन्ही हातांना? पण तिच्याशी वाद कोण घालणार! बाबांचं तिलाही सांगितलेलं नाही. उगाच घाबरेल.

११ मार्च
आज एकही झटका नाही. तरी भीती जाईना. उद्या पहिला प्रयोग. सकाळी बाबांना सांगणार. सांगणारच!

१२ मार्च
सांगितलं. "बाबा, दोर सोडा आता."
बाबांनी कप खाली ठेवला. सांडलाच.
"जांबुवंतालाही तरुणपणी उडी जमायची रे. म्हातारा झाला, तेव्हा दुसऱ्याला आठवण करून द्यायला लागला. या नाटकाच्या पहिल्या तालमीपासून दोर सूनबाई ओढतेय. ती शिकत होती, म्हणून तू खाली यायचास. तुला सांगितलं असतं तर तू उडालाच नसतास. मी नुसता तिच्या मागे उभा असतो. म्हणतो – ओढ. तुला येतं."