तुझ्या नावानं आलेलं बोलावणं

प्रिय आत्या,

गेलेल्या माणसाच्या नावानं दारात बोलावणं आलं, तर घरच्यांनी काय उत्तर द्यायचं? मला माहीत नाही. काल संध्याकाळी असं बोलावणं आलं, आणि मी उंबऱ्यात नुसती उभी राहिले.

समोरची कमलकाकू आली होती. दर उन्हाळ्यासारखी अंगणातूनच ओरडत, "ओ शांताताई, उद्या आमच्या घरी पापड हायेत. लवकर याजा बरं!" बोलून झालं आणि मग तिचं तिलाच कळलं. तिथंच पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला. आईनं पाणी दिलं. "सवयीनं निंगून गेलं वं तोंडातून," म्हणाली. थंडीत तुला नेलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुझा एकही पापड कधी गोल झाला नाही, आठवतं? तरी आपल्या गल्लीत पहिलं बोलावणं तुलाच असायचं. लाटणाऱ्या पुष्कळ होत्या, हसवणारी तू एकटी! आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, असा महिनाभर तुझा मुक्काम. आई चिडायची, "घरचे पापड कोन लाटन?" तू म्हणायचीस, "आपली पाळी आली की सारी गल्ली येईन ना वं!"

मग लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला. त्या उन्हाळ्यात बोलावणं आलं ते एकट्या आईला. तू तिथंच दाराशी खाटेवर बसली होतीस. कमलकाकू किती मायेनं म्हणाली, "तुमी आराम करा, ताई. तुमचा वाटा पाठवून देतो."

पाठवलाही. प्रत्येक घरानं पाठवला. वाईट कोणीच नव्हतं गं! पण तू त्यातला एक पापडसुद्धा तोंडात घातला नाहीस. "मी लाटले नाई, मी खानार नाई." आईनं तळून समोर ठेवला, तरी नाही.

असे दोन उन्हाळे गेले. समोरून लाटण्यांचा आवाज यायचा, हसणं यायचं, आणि तू भिंतीकडे तोंड करायचीस. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आम्ही विनवायचो. तू म्हणायचीस, "कुठं जायाचं हाये मले?"

मी तेव्हा समाजकार्य शिकत होते. घरातली पहिली पदवी माझीच होणार होती, त्यामुळे तोरा केवढा! अपंगांचे हक्क, वृद्धांचा सहभाग, सगळं तुला वाचून दाखवायचे. एकदा तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "मस्त लिवलं हाये. आता मले कूस बदलून दे."

एक विचारू? "मलेही घेऊन चला," असं एकदा तरी का नाही म्हणालीस? भाजीत मीठ कमी पडलं तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलणारी तू. याच बाबतीत एवढी गप्प का राहिलीस, आत्या? भांडायचंस ना आमच्याशी!

शेवटी तुझ्यासाठी भांडली ती आपल्या गल्लीतली शमीमचाची. ईदच्या आधी ती शेवया करते. त्या दिवशी आईला बोलावणं देऊन झालं आणि ती तुझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"काऊन शांताबाई, तुमी नाई येत का?"

"मी काय करू येऊन? हात चालत नाई."

"हात गेला, तोंड तं चालू हाये ना? सेवया खाटेवर वाळतात, चिमण्या हाकलाले मले कोनी तरी पाह्यजेच."

"अन् मले नेईन कोन?"

"कोन म्हंजे? आमी का मेलो?"

दुसऱ्या दिवशी चौघींनी तुला खुर्चीसकट उचललं. "पाडसान वं मले! पाडसान!" तू ओरडत होतीस आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा हसत होतीस. दिवसभर डाव्या हातात काठी घेऊन चिमण्या हाकलल्यास. एकही शेवई गेली नाही म्हणे! संध्याकाळी चाचीनं वाटा दिला, तो मात्र तू पदरात घट्ट धरून आणलास.

त्यानंतर गल्लीनं आपणहून ठरवलं. जिच्या घरी काम, तिनं दोघींना पाठवून तुला न्यायचं. पुढच्या उन्हाळ्यात खुर्चीही लागली नाही. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी खांदा. आमच्या विनवण्यांनी न उचललेला पाय तू कमलकाकूच्या पापडांसाठी उचललास! राग आला होता मला, खरं सांगते. आनंदही तेवढाच झाला होता.

कमलकाकूची सासू, भागाआजी, तुला फार आठवायची. तिची नजर पूर्ण गेली, तेव्हापासून ती आतल्या खोलीत असते. सून वेळेवर जेवू घालते, न्हाऊ घालते, कुठं काही कमी नाही. गेल्या उन्हाळ्यात सगळ्या लाटत असताना तू म्हणालीस, "कमल, तुया सासूले आन ना इथं."

"राहू द्या ताई. त्यायले दिसत नाई, उगी धडपडतीन."

"बसल्या जागी कोन धडपडते वं?"

सगळ्या हसल्या आणि विषय तिथंच राहिला. घरी येताना तू माझ्या खांद्याला धरून थांबलीस आणि म्हणालीस, "पुढच्या साली मी तिले बाहेर काढतोच." पुढचं साल आलं. तू कुठं आहेस? एवढी काय घाई होती गं?

काल कमलकाकू डोळे पुसत घरी निघाली, तेव्हा मला भीती वाटली. तुझ्यासाठी झालं ते तुझ्याबरोबरच संपलं तर? खुर्ची, खांदा, बोलावणं, सगळं फक्त शांताताईपुरतं होतं असं ठरलं तर?

तसं होऊ देणार नाही, हा माझा शब्द. मी इथं आहे तोवर कोणतंही बोलावणं खाटेवरच्या माणसाला ओलांडून आत जाणार नाही.

आणि नुसता शब्द देऊन थांबले नाही. काल मी तशीच तिच्या मागोमाग गेले. बोलावणं घरच्या बाईनंच द्यायचं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी तिला न विचारता आतल्या खोलीत शिरले. भागाआजी भिंतीला टेकून बसली होती.

"आजी, उद्या पापड आहेत. लवकर याजा."

"कोनाच्या घरी वं?"

"तुमच्याच घरी."

कमलकाकू दारात येऊन उभी राहिली. मग आजीनं स्वतःच्या पातळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंग धुतलेलं लुगडं काढ वं कमल. चार बाया येतीन."

आज सकाळी कमलकाकूनं स्वतः तिला हात धरून बाहेर आणलं आणि मी तिला तुझ्या जागेवर बसवलं.

तुझी भाची,
वर्षा