बुबूचा नकाशा

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

मागच्या वर्षी मी तुला लिहिलं होतं की आर्कान्सामधल्या बुबूने मला तिच्या घराण्याचा नकाशा दिला. ते चूक आहे. तिने दिला नव्हता, दाखवला होता. आणि चूक म्हणणंसुद्धा सौम्य झालं, कारण लिहितानाच मला फरक ठाऊक होता. त्या एका शब्दावर माझा छापून आलेला लेख उभा आहे, प्रबंधाचं तिसरं प्रकरण उभं आहे आणि तू सगळ्यांना सांगतेस ती 'आमची होणारी डॉक्टर'सुद्धा.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर टाकतेस. मग विहारातल्या मावश्या "काय म्हणते आमची अमेरिका?" असं विचारतात आणि मी थंडी किती आहे ते सांगून फोन ठेवते.

आणखी एक दुरुस्ती. मी 'हवाईजवळच्या बेटांवर' अभ्यास करते असं तू सांगतेस. तो वेगळा देश आहे, मार्शल बेटं. दम्यामुळे तिसरीपर्यंत तू मला घरीच शिकवलंस, तेव्हाचा आपल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठव. उजव्या कडेला, जिथे तो खिळ्याला अडकवला होता, तिथे हा देश होता. तू आजोबांच्या खराट्यातला एक हीर काढून देश दाखवायचीस आणि त्या कडेला पोचलीस की म्हणायचीस, "इथे काही नाही, नुसतं पाणी." सगळी जमीन गोळा केली तर आपलं नागपूर शहर तिच्याहून मोठं, पण ती बेटं विखुरली आहेत महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठ्या समुद्रावर. बेटं बांगडीसारखी, आत शांत पाणी, बाहेर महासागर, आणि मधली जमीन कशीबशी पुरुषभर उंच. ती आईकडून लेकीकडे जाते. हे कळलं तेव्हा मी तुला मुद्दाम फोन केला होता आणि तू म्हणाली होतीस, "बघ, शहाणे लोक आहेत."

बुबू म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. तिचं नाव नेइमात. १९५४च्या मार्चमध्ये अमेरिकेने शेजारच्या बेटावर बॉम्बची चाचणी केली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आकाशातून पांढरं काहीतरी पडलं आणि मुलं त्यात खेळली. त्यांना तिथून हलवायला दोन दिवस गेले. तीन वर्षांनी परत नेऊन सोडलं, आता सगळं ठीक आहे म्हणून. ते ठीक नव्हतं. १९८५ साली लोक स्वतःच बेट सोडून निघाले. बुबूच्या आईची जमीन आज बुबूच्या नावावर आहे, आणि तिथला नारळ खायची तिला भीती वाटते. तिची नात कियोना स्प्रिंगडेलमध्ये कोंबड्या कापायच्या कारखान्यात काम करते. या लोकांना अमेरिकेत राहायला व्हिसा लागत नाही, तसा करार आहे. पहिल्यांदा ऐकून मला हेवा वाटला होता. नंतर त्या हेव्याची लाज वाटली.

बॉम्बच्या आधी त्याच बेटावर होडी हाकणाऱ्यांना शिकवत असत. बुबूचे वडील त्यांतले. काड्या एकमेकींना बांधून नकाशा करायचा, बाक दिलेल्या काड्या म्हणजे बेटाला आपटून वळणाऱ्या लाटा, शंख म्हणजे बेटं. तो समुद्रावर न्यायचा नसतो. जमिनीवर पाठ करायचा आणि होडीत पाठीवर पडून अंगाने लाट ओळखायची. दुकानात विकायला असतात तसले नकाशे वेगळे. घराण्याचा नकाशा प्रमुखाच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. पूर्वी त्यासाठी जीव घेत असत म्हणतात.

आर्कान्सामध्ये नारळाचे हीर मिळत नाहीत. बुबू कबाबाच्या बांबूच्या काड्या पाण्यात भिजवून वाकवायची आणि शिवणाच्या दोऱ्याने बांधायची. शंख तिच्या गळ्यातल्या माळेचे. शिकवत होती कियोनाला, मला नाही. मी तीन आठवडे त्यांच्याकडे राहत होते, म्हणून मला म्हणाली, "तू या घरात जेवतेस, तर बस." धडा संपला की ती सगळ्या गाठी सोडवायची, शंख परत माळेत ओवायची आणि टेबल पुसून भात वाढायची.

एका रविवारी त्या दोघी चर्चला गेल्या. माझं डोकं दुखत होतं, मी घरीच राहिले. शनिवारचा धडा अर्धा राहिला होता, म्हणून नकाशा टेबलावरच होता, टॉवेलखाली झाकलेला. मी तुला फोन केला. आठवतं का? "आत्या, फोटो घेऊ का? तिला विचारलं नाहीये," असं मी म्हटलं होतं. तू म्हणालीस, "घे. विचारत बसलो असतो ना पोरी, तर अजून वर्गाबाहेरच बसलो असतो." आजोबा शाळेच्या ओट्याखाली बसून पाढे शिकले आणि पुढे आयुष्यभर नागपूरचे रस्ते झाडले, हे मी तुझ्याकडून शंभरदा ऐकलंय. ज्ञान दडवणारा तो आपला शत्रू, हा तुझा पहिला धडा. मी टॉवेल उचलला. चार फोटो काढले. टॉवेलची घडी जशी होती तशी ठेवायला मला फोटो काढण्याहून जास्त वेळ लागला. त्यावरूनच मला समजायला हवं होतं.

मी तुझ्यावर ढकलत नाहीये. म्हणजे थोडं ढकलतेय. खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलेय, म्हणून हेही लिहिते.

मे महिन्यात लेख आला. बुबूने मुलाखतीच्या परवानगीच्या कागदावर सही केली होती, त्याच सहीखाली मी फोटोही बसवला. जुलैत माझ्या व्याख्यानाचं पोस्टर निघालं, त्यावर तो नकाशा दारापेक्षा मोठा छापला होता. कुणीतरी ते कियोनाला पाठवलं. तिने फोन केला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही, नुसतं काय झालं ते सांगितलं. चर्चमध्ये त्यांच्या घराण्याचे वडीलधारे बुबूला सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलेजला विकलंस का बापाला?" तेव्हापासून ते तिच्याकडे येत नाहीत. बुबूने माझ्याबद्दल एवढंच विचारलं, "ती पोरगी उपाशी होती का?" आणि काड्या कचऱ्यात टाकल्या. कियोना पुढचा धडा मागायला गेली तर बुबू म्हणाली, "माझ्याकडे काय उरलंय? तिच्या पुस्तकात बघ." मी बुबूला तीनदा फोन केला. तिने घेतला नाही.

माझे गाईड म्हणाले, तुझा हेतू चांगला होता, एक तळटीप टाकू. माझी रूममेट अपर्णा म्हणाली, "यार, फोटो काढून टाक आणि मोकळी हो." पण फोटो वगळून काय होणार? त्या प्रकरणात मी प्रत्येक गाठ कुठे आणि का, ते समजावून लिहिलंय. छान लिहिलंय, आत्या. तू शिकवलंस तसं, तिसरीच्या मुलालाही कळेल असं.

महिनाभर मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडतेय. ज्यांनी आपल्यापासून विद्या दडवली त्यांच्याकडे जमीन होती, पाणी होतं, शाळा होती, देव होता. बुबूची जमीन गेली, बेट गेलं. शरीराचंही मोजमाप डॉक्टर वर्षानुवर्षं घेत राहिले, तेही तिचं राहिलं नाही. सांगायचं की नाही हे जिच्या हातात आहे अशी तिच्याकडे एकच गोष्ट होती. आणि ती घ्यायला कोण गेलं? मोठ्या घरचं कुणी नाही. रस्ते झाडणाऱ्याची नात गेली, आपला सगळा इतिहास तोंडपाठ असलेली. आपल्यावर अन्याय झाला म्हणजे आपल्या हातून होणारच नाही, असं मला वाटत होतं. तू मला हे का नाही शिकवलंस? कदाचित तुलाही कुणी शिकवलं नसेल.

हे सगळं मी गिळून टाकलं असतं. तळटीप टाकून डिग्री घेतली असती. इतकी मी भित्री आहे, हे तुला माहीत आहे. पण परवा तू फोटो पाठवलास. विहारातली रविवारच्या वर्गाची तीस मुलं, प्रत्येकाच्या हातात खराट्याच्या हिरांचा नकाशा, माझ्या लेखातला बघून बांधलेला, आणि खाली तुझी ओळ, 'चौदा ऑक्टोबरला प्रदर्शन, तुझं नाव मोठ्या अक्षरात.' मी फोटो मोठा करून पाहिला. मुलांनी एकही गाठ चुकवलेली नाही. तू त्यांना किती मन लावून शिकवलं असशील ते मला दिसलं. म्हणून हे पत्र. ते प्रदर्शन करू नकोस. मुलांना पुन्हा बसव, गाठी सोडवायला लाव आणि का सोडवायच्या ते सांग. ते तुझ्याइतकं नीट कुणी सांगू शकणार नाही. मी लेख मागे घेतेय आणि तिसरं प्रकरण काढून टाकतेय. त्याशिवाय प्रबंध उरत नाही. माझी फेलोशिप डिसेंबरपर्यंत आहे, त्यानंतर व्हिसाही नसेल. पोस्टातली बाई म्हणते, पत्र पोचायला तीन आठवडे लागतील. म्हणजे फोन करायला तुझ्याकडे चार-पाच दिवस असतील. करू नकोस. तू "थांब" म्हणालीस तर मी थांबेन, आणि मला थांबायचं नाही. अर्ज लिहून तयार आहे. तो मी विभागात नेऊन देणार आहे शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, सकाळी दहा वाजता.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
उत्तरा