शंभरात चार

प्रिय एमेल्डा,

सोमवारपासून माझ्या घशावर किरणं सुरू होणार. तेहतीस वेळा. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून टेबलाला जखडतात म्हणे. मी डॉक्टर तियोंगना म्हटलं, आयुष्यभर मिरीचे वेल खांबाला बांधत आले, आता माझी पाळी.

गावाला मात्र माझी घाई झालीय. न्योएबकाकू काल बांबूत शिजवलेली कोंबडी घेऊन आली आणि माझा हात धरून रडली. मला एक घास गिळायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. तेवढ्यात तिनं चर्चमध्ये कुठली गाणी म्हणायची तेही ठरवून टाकलं. मी म्हटलं, "काकू, आधी जेवू दे मला, मग पूर हवं तर." रागावून गेली ती. माझ्या जिभेला हाड नाही, ते आता या वयात कुठून येणार?

तुझे सुजांग आजोबा फार आठवतात. रान साफ करायला निघाल्यावर पक्षी चुकीच्या बाजूनं ओरडला की अपशकुन म्हणून सगळे मुकाट परत फिरायचे. आजोबा वाटेतच बसायचे, पान खायचे, आणि उठून पुढे चालू लागायचे. लोक शिव्या घालायचे. ते म्हणायचे, "पक्ष्यानं त्याचं काम केलं, आता मला माझं करू द्या." भात कधी चांगला आला, कधी नाही आला. शेत मात्र पडीक राहिलं नाही.

डॉक्टरांनी मला तपासणीचा कागद दाखवला. गाठीच्या तुकड्यात अँटीबॉडीची, म्हणजे रोगाशी लढणारी, प्रथिनं असलेल्या पेशी भरपूर सापडल्या की माणूस बहुधा तरतो, तुरळक असल्या की कठीण. माझ्या शंभर पेशींत तशा जेमतेम चार. "अशांतले निम्म्याहून कमी पाच वर्षं काढतात," ते खाली बघत म्हणाले. मी म्हटलं, काढतात ना काहीजण? मग त्यांच्यात मी नाही असं यात कुठे लिहिलंय? भीती वाटते गं मला, खूप वाटते. पण घाबरून बसायला सवड कुणाला आहे, मिरी लाल व्हायला लागलीय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तुमच्या प्रयोगशाळेच्या त्या कागदाच्या तळाशी मोजणाऱ्याची सही होती. तुझी. आणि त्याच दिवशी तू मला फोनवर म्हणाली होतीस, "आई, भरपूर आहेत गं, काळजीच नको." तेव्हापासून तू घरी आली नाहीस. मायक्रोस्कोपसमोर एकटी बसून तू आईच्या पेशी मोजल्यास, कमी भरल्या म्हणून पुन्हा मोजल्या असशील, आणि तरी कागदावर चारच लिहिलेस. त्याचा मला अभिमान आहे. फोनवरचं खोटं मात्र मी चालवून घेणार नाही. मला गोंजारायला गावात माणसं पुष्कळ आहेत. सोमवारी सातला मला न्यायला ये, आणि वाटेत तो आकडा तुझ्या तोंडानं मला सांग. रडू आलं तर गाडी बाजूला घेऊन रड. मी थांबेन.

तुझीच, अजून हटून बसलेली
आई